साठ बाय चाळीस

काटकोनरावांनी नव्या घराच्या भिंतीत पहिले दोन खिळे ठोकले, तेव्हा त्यासाठी दोन अर्ज, सहा सह्या आणि एकोणीस दिवस लागले. तिसरा खिळा त्यांनी विनापरवाना ठोकला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे सोसायटीने ठरवलेली ठोकाठोकीची वेळ संपल्यावर. नियम मोडण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ती का आली हे नीट क्रमाने सांगितलं पाहिजे, कारण या प्रकरणाच्या निदान चार आवृत्त्या इमारतीत फिरताहेत आणि त्यातल्या एकीत काटकोनरावांनी सेक्रेटरींवर हातोडा उगारला असं आहे. उगारला नव्हता. हातात होता, एवढंच.

काटकोनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या आरेखन शाखेत त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले आणि त्या काळात टेबलावरची पट्टी, चहाचा कप आणि स्वतःची मान या तिन्ही गोष्टी काटकोनात ठेवल्या, म्हणून शाखेने पाठीमागे ठेवलेलं ते नाव. निरोपसमारंभात साहेबांच्या तोंडून ते भर भाषणात निसटलं आणि तिथून पुढे उघड झालं. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

निवृत्तीनंतर दोघं भाड्याच्या दोन खोल्या सोडून चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या जागेत आले. त्या दोन खोल्यांत एकतीस वर्षं गेली होती आणि एकतीस वर्षांत भिंतींवर जे जे साचतं ते साचलं होतं. काच तडकलेलं घड्याळ. खुंट्यांची फळी, जिच्या पाचपैकी तीन खुंट्या शाबूत होत्या. एकाच खिळ्यावर एकावर एक चढत गेलेली कॅलेंडरं, कारण मागच्या वर्षीच्या कॅलेंडरावर दूधवाल्याचे खाडे असत आणि त्याच्या मागच्यावर लेकीच्या तापाचे आकडे. हलवाहलव करताना काटकोनरावांनी निर्णय घेतला की नव्या जागेत हे जुनं लटांबर न्यायचं नाही. सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या, मग आत वळून म्हणाल्या, "चहा टाकते." काटकोनरावांनी मनातल्या मनात याची नोंद 'हरकत नाही' अशी केली.

नव्या भिंती त्यांना पहिल्या दिवशी फार आवडल्या. पांढऱ्या, सपाट आणि सरळ. ओळंबा सोडला तर दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला लगटून राहील अशा. पण चारच दिवसांत काही गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, आवाज घुमायचा. वहिनींनी स्वयंपाकघरातून "चहा झालाय" म्हटलं की बाहेरच्या खोलीत ते दोनदा पोचायचं आणि काटकोनरावांना दुसऱ्या वेळी उगाच दरडावल्यासारखं वाटायचं. दुसरी गोष्ट किल्लीची. जुन्या खोलीत दारातून आत आलं की उजव्या हाताला, घड्याळाच्या खाली, एक खिळा होता. किल्ली तिथं. एकतीस वर्षांत ती कधी हरवली नाही, कारण हरवायला तिला दुसरी जागाच नव्हती. इथं किल्लीला अख्खं घर मोकळं होतं. ती एकदा फ्रिजच्या भाजीच्या खणात सापडली, एकदा बुटात, आणि एकदा पाऊण तास दोघांनी गाद्यासुद्धा उलटल्यावर काटकोनरावांच्या स्वतःच्या खिशात.

"घरी असं कधी झालं नाही," वहिनी म्हणाल्या.

काटकोनरावांचे कान टवकारले ते इथं. घरी म्हणजे त्या दोन खोल्यांत. मग ते लक्ष ठेवू लागले. "घरी ना, ऊन सकाळीच यायचं." "घरी असती ती छोटी बादली तर बरं झालं असतं." हे जे नवं होतं ते मात्र 'इथं'. इथं वारा छान आहे हो. इथं लिफ्ट आहे. काटकोनराव कागदाचे माणूस. त्यांनी खिशातल्या डायरीत दोन रकाने पाडले, एक त्या घराला आणि एक या घराला, आणि वहिनींच्या तोंडून 'घर' निघालं की ज्या घराबद्दल निघालं त्या रकान्यात एक उभी रेघ मारायची असं ठरवलं. आठवड्याने पहिल्या रकान्यात अकरा रेघा होत्या. दुसरा रकाना भिंतींसारखाच पांढरा होता.

हा आकडा त्यांना लागला. आपण भंगारवाल्याच्या गाडीवर नक्की काय काय चढवलं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा सुरू झाला. पण झालं ते परत आणता येत नव्हतं. भिंती तेवढ्या भरता येत होत्या.

त्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि दर रविवारी आईबापांचं निरीक्षण करते.

"बाबा, तुम्ही दोघं पासपोर्टचा फोटो काढायला बसलाय का?"

"का गं?"

"मागे नुसतं पांढरं दिसतंय. एखादं चित्र लावा की. काहीतरी लावा!"

काहीतरी लावणं हा प्रकार काटकोनरावांच्या स्वभावात नव्हता. त्यांनी आधी चारही भिंतींचे नकाशे काढले. एकास वीस प्रमाणात. बटणांच्या पाट्या, खिडक्या, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं जागच्या जागी. दारातून आत येताना उजव्या हाताला लागणाऱ्या मोठ्या भिंतीवर मधोमध एक रिकामी चौकट आखून त्यात सुबक अक्षरांत लिहिलं: 'कला'. आता कला आणणं एवढंच बाकी होतं.

ही बातमी जिन्यावरून खाली गेली आणि लिफ्टने वर आली. प्रथम समोरचे मॅनेजर आले. हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण पद अजून सुटलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर नऊ शाखांतल्या नऊ निरोपसमारंभांचे फोटो आहेत आणि नऊही फोटोंत ते एकाच सफारीत आहेत.

"आरसा लावा," ते उभ्याउभ्या म्हणाले. "मोठा. खोली दुप्पट दिसते."

"दुप्पट रिकामी दिसेल," काटकोनराव म्हणाले. "समोरही भिंतच आहे."

मॅनेजरांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग काटकोनरावांकडे पाहिलं आणि "बघा बुवा, मला काय," असं म्हणून ते गेले. पुढचे दोन आठवडे ते जिन्यात भेटले की फक्त "आरसा?" एवढंच विचारत.

मग सहाव्या मजल्यावरच्या सजावटबाई आल्या. त्यांनी गृहसजावटीचा सहा आठवड्यांचा वर्ग केला आहे, त्यातले चार आठवडे पूर्ण. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि सोफ्याला अडखळून म्हणाल्या, "काका, भिंत बोलली पाहिजे."

"इथं एक बोलणारे आहेत," वहिनी म्हणाल्या, "तेवढे पुरेत."

सजावटबाईंच्याच आग्रहाने दोघं एका चित्रप्रदर्शनाला गेले. तिथं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण काटकोनरावांना तो विषय आवडत नाही. तिसऱ्या दालनात एक मोठं निळं चित्र होतं आणि ते डावीकडे तीन-साडेतीन अंशांत कललेलं होतं. शेकडो लोक त्याच्यापुढून डोळे उघडे ठेवून गेले असतील, कुणाला काही वाटलं नव्हतं. काटकोनराव पुढे झाले आणि चौकटीला एक बोट लावून त्यांनी ते सरळ केलं. मागून कुणीतरी किंकाळी फोडली. तो चित्रकार होता. ते कलणं हेच ते चित्र होतं, असं त्याचं म्हणणं पडलं. पहारेकऱ्याने काटकोनरावांच्या दंडाला हात लावला. चौतीस वर्षांत कार्यकारी अभियंत्यानेही त्यांच्या दंडाला हात लावला नव्हता. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "सरळ छान दिसत होतं हो." या एका वाक्यावर काटकोनरावांनी तो दिवस काढला.

कला अशी हुकली, आणि त्याच आठवड्यात ती आपण होऊन दारात आली. वहिनींचे धाकटे भाऊ, म्हणजे काटकोनरावांचे मेहुणे, निवृत्तीनंतर तैलचित्रं काढू लागले आहेत. ते घोडा घेऊन आले. घोडा उधळलेला होता आणि त्याला पाय पाच होते.

"पाचवा पाय?" काटकोनरावांनी विचारलं.

"तो पाय नाही, भावजी. ती गती आहे."

घोड्याची चौकट सागवानी आणि जड. तिला दोन खिळे लागणार होते आणि इथून सोसायटी सुरू होते. भिंतीत काहीही ठोकायचं तर सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागतो आणि परवानगी मिळाल्यावरही ठोकायचं ते सकाळी अकरा ते दुपारी एक याच वेळात. एका खिळ्याला एक अर्ज. त्यात रकाने आहेत: खिळ्याची लांबी, खिळ्याचे प्रयोजन, खिळा कायमस्वरूपी की तात्पुरता. सेक्रेटरी स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि ठोक्याच्या आवाजावरून मजला ओळखतात, असं म्हणतात. इतर रहिवासी या अर्जाला शिव्या घालतात. काटकोनराव मात्र तो हातात घेऊन खुलले. निवृत्तीनंतर इतका व्यवस्थित कागद त्यांच्या हातात आलाच नव्हता. त्यांनी दोन्ही अर्ज शाईने भरले, प्रयोजनाच्या रकान्यात 'अश्वचित्र टांगणे' असं लिहिलं आणि कुणी न मागता सोबत भिंतीचा नकाशा जोडला.

तो नकाशाच नडला. सेक्रेटरींनी आजवर असं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी तो समितीपुढे ठेवला. समितीत समोरचे मॅनेजर होते. त्यांच्या लक्षात आलं की नकाशात त्यांच्या फ्लॅटच्या जागी तिरक्या रेघा मारून 'बाह्य अडथळा' असं लिहिलेलं आहे. आरेखनशास्त्रात याला काही वाईट अर्थ नाही, हे पटवायला एक बैठक गेली. दुसरी बैठक घोड्याच्या वजनावर झाली. एकोणिसाव्या दिवशी परवानगी आली आणि त्याच दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी काटकोनरावांनी तीन-तीन इंची दोन खिळे ठोकले, पाणसळ लावून, पातळी तपासून. घोडा लागला.

तो आठ दिवस राहिला. नवव्या दिवशी जेवता जेवता वहिनींनी घास खाली ठेवला.

"माझा भाऊ आहे म्हणून मीच सांगते. काढा तो."

"का? पायामुळे?"

"पायाचं काही नाही. तो बघतो माझ्याकडे. आणि डोळे हुबेहूब भावाचे आहेत."

मेहुण्यांना सांगितलं की दुपारचं ऊन थेट चित्रावर येतं, रंग उडतील अशी भीती वाटते. "कलेची इतकी काळजी करणारी माणसं आता राहिली नाहीत, भावजी," असं गहिवरून म्हणत ते घोडा घेऊन गेले. मागे भिंतीवर दोन खिळे राहिले, एका पातळीत, काहीही न तोलता. डायरीत पहिल्या रकान्यात आता तेहतीस रेघा होत्या.

शेवटी लेकीनेच तोड काढली. "घरातलाच एखादा जुना फोटो मोठा करून लावा ना." वहिनींनी बुटांचा खोका काढला. काटकोनरावांच्या तडाख्यातून तो वाचला होता, कारण हलवाहलवीच्या दिवशी तो वहिनींच्या मांडीवर होता. दोघं दुपारभर फोटो बघत बसले. प्रत्येक फोटोत काही ना काही होतं. एकात काटकोनरावांचे डोळे मिटलेले, एकात वहिनींचे. एकात दोघांचे उघडे पण लेकीचं तोंड वेडंवाकडं. एका सहलीच्या सगळ्या फोटोंच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. मग वहिनींनी खोक्याच्या तळातून एक फोटो उचलला आणि काटकोनरावांपुढे धरला.

"हा लावा."

काटकोनरावांनी चष्मा वर केला, खाली केला. "यात कोण आहे?"

"कुणी नाही."

खरोखरच कुणी नव्हतं. तो नुसत्या भिंतीचा फोटो होता. ज्यांनी रोलचे कॅमेरे वापरलेत त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. छत्तीस फोटोंचा रोल, पस्तीस काढून झालेले, एक उरलेला. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही आणि सगळ्यांना फोटो बघायची घाई. तेव्हा लेक आठ वर्षांची होती. शाळेच्या संमेलनाहून तिघं नुकतीच परतली होती, आणि "बाबा, एक उरलाय," असं म्हणून ती मागे लागली. "कशाचाही काढ, रोल संपव," असं काटकोनराव बूट सोडता सोडता म्हणाले होते. ती समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, कारण त्या खोलीत याहून मागे सरकायला जागाच नव्हती, आणि तिने बटण दाबलं. घड्याळ आलं, कॅलेंडर आलं, लाकडी स्विचबोर्ड आला, ओल येऊन उमटलेला बदकाच्या आकाराचा तो डाग आला. आणि दाराजवळचा तो खिळा. रिकामा.

"किल्ली नाही दिसत," काटकोनराव म्हणाले. नोंदीतली चूक त्यांना आधी दिसते.

"आत्ताच तर आलो होतो आपण. माझ्या हातात होती."

रोल संपवायला काढलेला, माणूस नसलेला आणि ओल दाखवणारा फोटो. तो मोठ्या भिंतीवरच्या 'कला' या चौकटीत बसण्यासारखा नव्हता, हे काटकोनरावांच्या दृष्टीने उघड होतं. पण वहिनींनी इथं आल्यापासून काही मागितलं नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारची अरुंद भिंत फोटोसाठी मुक्रर केली. साठ बाय चाळीस. त्याचा स्वतंत्र नकाशा काढला, चौकटीचा छेद दाखवला आणि शिस्तीप्रमाणे उजव्या हाताला तळाशी बारीक अक्षरांत टीप लिहिली. चौतीस वर्षं टीप तिथंच जाते. मग तो कागद फोटोसकट फायलीत घालून त्यांनी दाराजवळच्या स्टुलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते ती फाईल घेऊन फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेमवाला तोंडात दोन चुका धरून तिसरी ठोकत होता. म्हणजे बारीक खिळे. त्या धंद्यात त्यांना चुका म्हणतात.

"साइज काय साहेब?"

"फायलीत सगळं लिहिलंय."

"तोंडी सांगा ना, लगेच टिपून घेतो."

"तोंडी सांगितलेलं माप हे माप नसतं," काटकोनराव म्हणाले, आणि फाईल न उघडता टेबलाच्या कडेशी समांतर ठेवून ते निघाले.

चार दिवसांनी फ्रेमवाल्याचा फोन आला. "साहेब, फोटो जुना आहे. एवढा वाढवला तर दाणे दिसतील."

"दिसू देत."

"काचही नको म्हणतो मी. कापडावर छापतो, लाकडावर ताणतो."

"तुमच्या धंद्यातलं तुम्ही बघा. मापं मात्र लिहिल्याप्रमाणे."

"लिहिल्याप्रमाणेच हो," फ्रेमवाला जरा दबून म्हणाला.

तो आला सकाळी साडेअकराला. वहिनी बाजारात गेल्या होत्या. आधी जिन्यातून धापा ऐकू आल्या. आपली लिफ्ट चार माणसांची आहे, तीही सडपातळ, त्यामुळे फ्रेमवाला आणि एक हमाल ते धूड चार मजले चढवून आणत होते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. "नवीन दार बसवताय का?" कुणीतरी विचारलं. चौथ्या मजल्यावर समोरच्या मॅनेजरांनी तपकिरी कागदात गुंडाळलेला तो पुरुषभर आडवा प्रकार पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आणलात ना शेवटी आरसा!"

काटकोनरावांनी कागद फाडला आणि ते एक पाऊल मागे झाले.

"हे काय आहे?"

"साठ बाय चाळीस."

"साठ बाय चाळीस सेंटिमीटर!"

"साहेब," फ्रेमवाला घाम पुसत म्हणाला, "फ्रेमच्या धंद्यात इंच असतो. माझे वडीलही इंचातच होते."

"खाली टीप आहे! वाचता येत नाही का?"

फ्रेमवाल्याने फायलीतून कागद काढून पुढे धरला. कागद खालच्या अंगाला संपूर्ण आडवा फाडलेला होता. नीट, घडी घालून, नखाने दाबून. टीप जिथं असायला हवी तिथं काहीच नव्हतं. हा फाडण्याचा हात काटकोनरावांनी ओळखला. ते स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर चुंबकाखाली एक पट्टी होती: साबण, काडेपेट्या दोन, सुई, हिरवा दोरा. त्यांनी ती उलटली. मागे त्यांचं स्वतःचं, पट्टीवर आखल्यासारखं अक्षर: 'सर्व मापे सेंटिमीटरमध्ये. प्रत्यक्ष मोजून खात्री करावी.'

यात वहिनींचा दोष काढता येत नाही, हे लिहिणाऱ्याचं मत आहे. चौतीस वर्षं काटकोनराव कार्यालयातून रद्द झालेले नकाशे घरी आणत, पाठकोरे म्हणून. लेकीने त्यांच्या पाठीवर गणितं केली, वहिनींनी याद्या केल्या. घरात आलेला नकाशा म्हणजे रद्दी, हा त्या घराचा कायदा होता. चालू नकाशा दाराजवळच्या स्टुलावर पडून राहिलाय असं एकदाच झालं, आणि त्याची पूर्वसूचना काटकोनरावांनी दिली नव्हती.

ते हे सगळं फ्रेमवाल्याला सांगू शकत नव्हते. "राहू दे," एवढंच म्हणाले. स्वयंपाकघराजवळच्या भिंतीवर ते बसणं शक्यच नव्हतं. फ्रेमवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, त्याला घोड्याचे दोन खिळे दिसले आणि त्याने ते धूड तिथं टांगलं. "तात्पुरतं. उद्या उचलतो, छोटं करून देतो." तो गेला. हमाल जाता जाता दोन मिनिटं चित्रासमोर थांबला आणि म्हणाला, "आमच्याकडे पण असाच बोर्ड होता."

काटकोनराव समोर खुर्ची ओढून बसले. रागाने बसले होते. जवळून नुसते दाणे दिसत होते, म्हणून त्यांनी खुर्ची मागे घेतली. मग आणखी मागे, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. आणि दाणे मिटले.

लाकडी स्विचबोर्ड. त्याचं माप त्यांना पाठ होतं, कारण तो त्यांनी स्वतः बसवला होता: दहा बाय आठ इंच. ते उठले, टेप आणली, मोजलं. दहा. आठ. त्यांनी पुन्हा मोजलं. मग घड्याळावर तळहात ठेवला. त्याला चावी देताना ते तळहाताला जेवढं लागायचं तेवढंच होतं. बदकावर दोन पंजे पसरले, दोन पंज्यांचंच बदक. पावसाळाभर ते पोहायला शिकतंय, असं लेक म्हणायची. प्रमाण एकास एक. चौतीस वर्षं त्यांनी तलाव आणि शहरं टेबलावर मावतील एवढी लहान केली होती. पूर्ण आकाराचं काही त्यांनी कधी काढलं नव्हतं. हे तर चुकून निघालं होतं, दुसऱ्याच्या इंचांत.

ते बसून राहिले. एक वाजला.

एक वाजून पाच मिनिटांनी लॅचमध्ये किल्ली फिरली. वहिनी आत आल्या, डाव्या हातात दोन पिशव्या, बोलतच. "अहो, साबण मिळाला, पण हिरवा दोरा पाहिजे तसा नाही मिळाला. ती यादी मी इथंच विसरले, सगळं आठवून आणलं..." आणि बोलता बोलता, न बघता, त्यांचा उजवा हात बाजूला गेला, खांद्याच्या किंचित वर, आणि त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

किल्ली खळ्ळकन फरशीवर पडली.

वहिनींनी आधी फरशीकडे पाहिलं. मग वर. पिशव्या त्यांनी खाली ठेवल्या नाहीत, त्या आपोआप टेकल्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई. बदक."

काटकोनराव खुर्चीतून उठले. "मापात घोळ झाला," ते म्हणाले. "तुझ्या यादीच्या पाठीमागे टीप गेली."

"मला वाटलं रद्दी."

"साहजिक आहे." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "त्या दिवशी ती गाडी गेली ना, भंगाराची. तेव्हा मी समजलो की तुझी हरकत नाही. ती नोंद चुकली."

वहिनींनी वाकून किल्ली उचलली. छापलेल्या खिळ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. कापड गुळगुळीत होतं. "चहा टाकते," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

या वाक्याचा अर्थ काटकोनरावांना आता कळत होता. "थांब जरा," ते म्हणाले. अवजारांच्या पेटीतून हातोडा काढला, घोड्यासाठी आणलेल्यांतला उरलेला एक तीन इंची खिळा काढला. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात साडेपाच वाजले होते, गेली कित्येक वर्षं. मग मनगटाकडे पाहिलं.

"अहो, एक दहा झालेत. आणि अर्ज?"

काटकोनरावांनी छापलेल्या खिळ्याच्या टोकावर खऱ्या खिळ्याचं टोक ठेवलं. पाणसळ लावली नाही. तीन ठोके. कापड, मग पोकळी, मग भिंत.

ठोक्यांचा आवाज घुमला नाही, हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं. तेव्हा मात्र दाराची बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं. सेक्रेटरी होते, घाईने दोन मजले चढून आलेले. त्यांच्या मागे, हे सांगायलाच नको, समोरचे मॅनेजर.

"वहिनी, एक वाजून गेला. आवाज चौथ्या मजल्याचा होता."

"हो, आमचाच," वहिनी म्हणाल्या. "या ना आत. घरातलं एक काम राहून गेलं होतं, ते आत्ता झालं. बसा, चहा टाकतेच आहे."

आणि सेक्रेटरींकडे पाठ करून, न बघता, त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली. ती राहिली.

सेक्रेटरी अर्जाचं काहीतरी म्हणत होते. मॅनेजर आरसा कुठे गेला ते शोधत होते. काटकोनरावांनी हातोडा काखेत धरला, खिशातून डायरी काढली आणि दुसऱ्या, या घराच्या रकान्यात पहिली रेघ मारली. हातोड्यामुळे ती जरा तिरकी आली. त्यांनी ती तशीच ठेवली.